‘द डार्क नाइट’ : जोकरच्या गदारोळात बेल आणि एकहार्ट झाकोळले का?

तिसरी_घंटा
‘द डार्क नाइट’चा (२००८) विषय निघाला की दोन मिनिटांत गाडी जोकर झालेल्या हीथ लेजरवर येते आणि तिथेच मुक्काम ठोकते. लेजर थोर, ऑस्कर रास्त, त्यावर वाद घालायचाच नाही. पण १५२ मिनिटांच्या सिनेमात जोकर सुरुवातीला जसा असतो तसाच शेवटी असतो. बदलतो तो सरकारी वकील हार्वी डेंट, आणि सोसतो तो ब्रूस वेन, म्हणजेच बॅटमन. म्हणजे कथेचं ओझं अ‍ॅरन एकहार्ट आणि क्रिश्चन बेल यांच्या खांद्यावर, हारतुरे मात्र तिसऱ्याच्या गळ्यात.

बेलची तर आणखी पंचाईत. मुखवटा चढवला की अभिनयाला उरतं काय? ओठ, हनुवटी आणि डोळ्यांपुरती दोन भोकं, त्यांच्याभोवतीही काळा रंग फासलेला. कपाळ गेलं, भुवया गेल्या, गाल गेले. एवढ्या भांडवलावर माणसाने किती धंदा करावा?

तर प्रश्न असा : या दोघांवर अन्याय झालाय, की ते खरंच फिके पडलेत? प्रसंगांसकट बोला. ‘लेजर देव आहे’ एवढंच लिहायचं असेल तर ते मान्य आहे असं धरून चाला.

टवाळखोर
लेजर देव आहे.

तिसरी_घंटा
@टवाळखोर, वाटलंच होतं. :)

रात्रपाळी
एकहार्टबद्दल सहमत. बेलबद्दल अजिबात नाही. तो घोगरा आवाज ऐकला की बॅटमनला गुन्हेगारांपेक्षा गरम पाण्याच्या गुळण्यांची गरज जास्त आहे असं वाटतं. शेवटी पोलीस अधिकारी गॉर्डनसमोर सगळा दोष स्वतःवर घेतो तो सिनेमाचा कळस, आणि तिथे शब्द कळायला कानात प्राण आणावे लागतात.

अर्धविराम
@रात्रपाळी, आवाजाबद्दलची तक्रार योग्य, पण सगळं खापर बेलवर फोडू नका. त्याने सेटवर काढलेला आवाज ध्वनिमिश्रणात आणखी जड केला गेला. ‘बॅटमन बिगिन्स’मध्ये (२००५) तोच आवाज एवढा खुपत नाही, ताडून बघा.

दुसरं म्हणजे वाक्यांची लांबी. घसा आवळून खर्ज काढला की हवा भसाभस खर्च होते. चार-पाच शब्दांची धमकी त्यात झकास बसते, कारण दम संपायच्या आत वाक्य संपतं. पण त्याच आवाजात सात-आठ ओळींचं स्वगत द्या, प्रत्येक वाक्याच्या पोटात श्वास ऐकू येतो आणि शब्दाच्या शेवटची व्यंजनं त्या घरघरीत बुडतात. बिगिन्समध्ये मुखवटा घातलेल्या बॅटमनला लांबण फारशी लावू दिलेली नाही. इथे तत्त्वचर्चा करायला लावली. तेव्हा हा घोळ नटाइतकाच पटकथेचाही आहे.

तुलनेसाठी १९९२ ची अ‍ॅनिमेशन मालिका ऐका. केव्हिन कॉन्रॉय ब्रूससाठी एक आणि बॅटमनसाठी दुसरा आवाज लावतो, पण बॅटमनचा आवाज घासत नाही, नुसता खाली उतरवतो आणि वेग कमी करतो. शब्द न् शब्द कळतो आणि जरबही राहते.

टवाळखोर
आणि पुढच्या ‘द डार्क नाइट राइझेस’मध्ये (२०१२) कॅटवूमन गच्चीवरून गायब होते तेव्हा? आजूबाजूला चिटपाखरू नाही, तरी हा पठ्ठ्या स्वतःशीच त्याच घोगऱ्या आवाजात बोलतो. ओळख कोणापासून लपवतोय? कबुतरांपासून?

काळा_चष्मा
ठ्यो! =))

भिंगरी
धागाकर्तीने मुखवट्याचा मुद्दा काढलाय तो जरा पुढे नेते. आपल्याकडे अभिनयाचे चार प्रकार सांगितलेत, आंगिक, वाचिक, आहार्य, सात्त्विक. सुपरहिरोपटात आहार्य, म्हणजे वेशभूषा-रंगभूषा, एवढं अंगावर येतं की आंगिकाचे हातपाय बांधले जातात. १९८९ च्या बॅटमनमध्ये मायकल कीटनच्या टोपात मान वळतच नव्हती. म्हणून बाजूला बघायचं तर तो खांद्यापासून अख्खा वळतो. अडचणीतूनच ती पुतळ्यासारखी ऐट आली आणि लोकांना आवडली.

बेलला बिगिन्समध्ये थोडाफार तोच त्रास होता. ‘द डार्क नाइट’साठी टोप मानेपासून वेगळा केला आणि मान मोकळी झाली. हा बदल कथेतही आणलाय, ब्रूस त्याची आयुधं-पोशाख पुरवणाऱ्या लूशियस फॉक्सकडे डोकं वळवता येईल असा पोशाख मागतो. त्याचा फायदा चौकशीच्या खोलीत दिसतो. जोकर बोलत असताना बॅटमनचं डोकं बारीकसं कलतं, थांबतं, परत सरळ होतं. जुन्या टोपात हे झालंच नसतं.

उलट उदाहरण ख्रिस्तोफर रीव्हचं. १९७८ च्या ‘सुपरमॅन’मध्ये लोइसच्या घरी ती आतल्या खोलीत असताना क्लार्क क्षणभर ठरवतो की हिला खरं सांगून टाकू. चष्मा काढतो, पाठीचा कणा सरळ होतो, खांदे मागे जातात, आवाज एक पायरी खाली येतो. मग धीर सुटतो, चष्मा परत डोळ्यांवर आणि माणूस पुन्हा पोक काढून उभा. मध्ये कट नाही, कपडे तेच. नुसत्या कण्यावर दोन माणसं उभी केलीत.

उंटावरचा_शहाणा
@भिंगरी, रीव्हला चेहरा होता हो. बेलशी तुलना करायची तर ‘व्ही फॉर व्हेंडेटा’मधल्या ह्यूगो वीव्हिंगशी करा. अख्ख्या सिनेमाभर एकच न हलणारा हसरा मुखवटा, ओठसुद्धा झाकलेले. तरी कुठे तो मुखवटा दुःखी दिसतो, कुठे छद्मी. काहीच बदललेलं नसतं, फक्त प्रकाशाची दिशा आणि डोक्याचा कोन. हनुवटी खाली नेली की भुवयांची सावली डोळ्यांवर पडते आणि तेच हसू क्रूर वाटायला लागतं.

उघडी हनुवटी म्हणजे सवलतच, त्यामुळे बेलची फार कणव करू नका.

पडद्यामागून
उघड्या हनुवटीचा एक तोटा आहे. दिसायला तेवढंच असलं की नट तेवढंच जास्त वापरतो. बेल रागाच्या प्रसंगात ओठ पुढे काढतो, खालचे दात दाखवतो. अख्खा चेहरा दिसत असता तर ते सहज पचलं असतं. चौकटीत बाकी सगळं काळं आणि मध्ये एकटं तोंड, म्हणून ते दुप्पट मोठं वाटतं.

आता प्रकाशाबद्दल. काळा पोशाख, काळी रात्र, म्हणजे छायाचित्रकार वॉली फिस्टरपुढे नेहमीचा प्रश्न हा की बॅटमन मागच्या अंधारात विरघळतो. त्यावरचा नेहमीचा उपाय म्हणजे मागून किंवा बाजूने प्रकाश टाकून कडा उठवायच्या. चौकशीच्या खोलीत मात्र बरोबर उलटं केलंय. आधी गॉर्डन टेबलावरच्या एका दिव्यात जोकरशी बोलतो, खोली काळोखी. गॉर्डन बाहेर पडतो, वरचे दिवे एकदम लागतात, आणि बॅटमन जोकरच्या पाठीशी उभा. त्यानंतर सगळा प्रसंग भगभगीत पांढऱ्या उजेडात. ज्याचं सगळं सामर्थ्य अंधारात, त्याला आडोसाच ठेवला नाही. रबराची घडी न् घडी दिसते. आणि जोकर आपल्या घरी बसल्यासारखा.

हा प्रसंग दोनदा बघा. पहिल्यांदा आवाज पूर्ण बंद करून. बॅटमन सुरुवातीला जवळजवळ हलत नाही, जोकर सारखा सरकत असतो. मग बॅटमन दाराला खुर्ची अडकवतो, आणि तिथून पारडं फिरतं, कॅमेरा अस्वस्थ होतो, बॅटमनची हालचाल वाढत जाते आणि जोकर सैल पडत जातो. मार खाणारा निवांत आणि मारणारा घायकुतीला. दुसऱ्यांदा डोळे मिटून फक्त ऐका. लेजर एकाच वाक्यात पट्टी बदलतो, वर नाकात सुरू करून शेवटचा शब्द छातीत टाकतो. बेलची पट्टी एकच आहे, फक्त आवाज चढतो. जोकरला दुखापतीची भीती नाही हे कळल्यावर बॅटमनकडे दुसरं हत्यारच नाही. आवाजाच्या मर्यादेचा इथे फायदा झालाय, जाणूनबुजून असो वा नसो.

रात्रपाळी
@पडद्यामागून, मांडणी आवडली. तरी त्या एका प्रसंगासाठी उरलेल्या दोन तासांची घरघर माफ करायची का? माझं मत बदललेलं नाही. :)

नवखा_प्रेक्षक
लेजर त्या भूमिकेत इतका बुडाला की त्यातच त्याचा जीव गेला, असं सगळीकडे वाचायला मिळतं. ते खरं आहे ना?

अर्धविराम
नाही. लेजर २२ जानेवारी २००८ ला गेला. न्यूयॉर्कच्या वैद्यकीय तपासणीचा निष्कर्ष होता, डॉक्टरांनी लिहून दिली जाणारी अनेक औषधं एकत्र घेतली गेल्याने अपघाती मृत्यू. ‘द डार्क नाइट’चं चित्रीकरण त्याआधीच उरकलं होतं, त्या वेळी तो टेरी गिलियमच्या ‘द इमॅजिनेरियम ऑफ डॉक्टर पार्नासस’मध्ये काम करत होता. त्याच्या घरच्यांनीही ही ‘जोकरने खाल्ला’ कथा फेटाळलेली आहे. भूमिकेसाठी हॉटेलच्या खोलीत राहून आवाज आणि हसणं घोटलं, वही ठेवली, हे खरं. पण ती तयारी होती. चांगल्या कामाला वेडाचं लेबल लावलं की त्यामागची मेहनत दिसेनाशी होते.

पडद्यामागून
+१. दंतकथांचा विषय निघालाच आहे तर हॉस्पिटलच्या स्फोटाचंही सांगून टाकतो. जोकर परिचारिकेच्या वेशात बाहेर येतो, स्फोट मध्येच थांबतो, तो हातातला रिमोट खटखट दाबतो आणि मग अख्खी इमारत कोसळते. ‘स्फोट खरंच अडकला आणि लेजरने वेळ मारून नेली’ ही गोष्ट गेली कित्येक वर्षं फिरतेय. साफ चूक. ती शिकागोतली ब्रॅक्स कंपनीची जुनी, पाडायची ठरलेली मिठाईची फॅक्टरी होती. इमारत एकच, म्हणजे दुसरा टेक नाही. स्फोट टप्प्याटप्प्याने लावलेले होते आणि मधला थांबा ठरवलेला होता, तेवढ्या वेळात नट बसपर्यंत पोचावा म्हणून. त्या थांब्यात काय करायचं याचीही तालीम झालेली. लेजरचं कौतुक करायचं तर यासाठी करा की मोजून-मापून ठरवलेली गोष्ट त्याने आत्ता सुचल्यासारखी केली.

पेन्सिलची जादूही तशीच. उभी पेन्सिल स्टंट करणाऱ्याने डोकं टेबलावर आदळायच्या आत हाताने उडवायची. अर्धा सेकंद चुकला तर डोळ्याचा प्रश्न. ट्रेलर उलटतो तोही शिकागोच्या लासाल रस्त्यावर खराखुरा उलटवलाय, खाली बसवलेल्या पिस्टनच्या धक्क्याने.

काळा_चष्मा
जीभ ओठांवरून फिरवण्याचं पण सांगा कोणीतरी.

भिंगरी
व्रणांचे सिलिकॉनचे तुकडे तोंडाच्या कोपऱ्यांशी चिकटवलेले असायचे. बोलून बोलून, लाळेने त्यांच्या कडा सुटायला लागायच्या. त्या जागेवर राहाव्यात म्हणून जीभ फिरवायची, आणि तीच जोकरची लकब झाली. रंगभूषाकार जॉन कॅग्लिओनी रंग लावताना लेजरला चेहरा आक्रसून धरायला सांगायचा. चेहरा सोडला की आठ्यांमध्ये रंग न पोचलेल्या रेघा दिसतात. म्हणून तो रंग दोन दिवस न धुतल्यासारखा वाटतो, आत्ता लावल्यासारखा नाही.

टवाळखोर
रच्याकने, १९६६ च्या मालिकेत सीझर रोमेरोने जोकरसाठी मिशी काढायला चक्क नकार दिला होता. पांढरा रंग मिशीवरूनच फासला. जवळून बघा, स्पष्ट दिसते. याला म्हणतात बाणेदारपणा.

उंटावरचा_शहाणा
मिशीवर चर्चा घसरायच्या आत एकहार्टकडे या कोणीतरी. धाग्याचं नाव काय, चाललंय काय.

तिसरी_घंटा
@उंटावरचा_शहाणा, धन्यवाद, मीच लिहायला बसले होते.

एकहार्टचा माझ्या मते सर्वोत्तम क्षण हॉस्पिटलमधला. स्फोटात भाजलेला डेंट शुद्धीवर येतो, उशाशी त्याने प्रेयसी रेचलला दिलेलं नाणं दिसतं. छापा. क्षणभर आशा, म्हणजे रेचल वाचली असेल. नाणं उलटतो, दुसरी बाजू जळून काळी. मग चेहऱ्याची पट्टी ओरबाडतो आणि किंचाळतो, आणि आपल्याला किंचाळी ऐकू येत नाही. आवाज काढून घेतलाय, फक्त ताणलेली मान आणि उघडं तोंड. जळालेली बाजू अजून दाखवलेली नाही, त्यामुळे सगळं काम उरलेल्या अर्ध्या चेहऱ्यावर. रंगवलेला चेहरा नाही, लकब नाही, चटकदार संवाद नाही.

आणि पूर्वार्धातला डेंट परत बघा. भर न्यायालयात साक्षीदार पिस्तूल रोखतो तेव्हा तो ते हिसकावून घेतो आणि कोट नीट करत उलटतपासणी पुढे चालू ठेवतो. टाळ्या पडतात. पण तो जरा जास्तच खूश आहे स्वतःवर. नाणं उडवून निर्णय घेतोय असं दाखवणारा, प्रत्यक्षात दोन्हीकडे छापा असलेलं नाणं बाळगणारा माणूस. नशिबावर आपलीच सत्ता आहे असं वाटणाऱ्याचं पुढे काय होणार, ते त्या हसण्यात पेरलेलं आहे. पुढे एका वेड्या कैद्याच्या कपाळाला पिस्तूल लावून नाणं उडवत बसतो, तेव्हा चेहरा अजून शाबूत आहे, पण माणूस अर्धा गेलेला.

पडद्यामागून
टू-फेसच्या, म्हणजे अर्धा चेहरा जळलेल्या डेंटच्या, तांत्रिक बाजूबद्दल थोडं. रंगभूषेने चेहऱ्यावर थर चढवता येतो, काढता येत नाही. गाल जळून आतले दात दिसायचे तर मांस कमी करायला हवं. म्हणून डाव्या बाजूला खुणेचे ठिपके लावून चित्रीकरण केलं आणि जळका भाग संगणकावर तयार केला, फ्रेमस्टोअर या दृश्यपरिणाम करणाऱ्या कंपनीने. नटाच्या बाजूने अडचण अशी की अर्धा चेहरा काय करणार हे त्याला सेटवर दिसत नाही. एकहार्टने शहाणपणा केला, जळक्या बाजूला ‘भयानक’ करायच्या फंदात पडला नाही. उजव्या बाजूने साधा, थकलेला, शांत माणूस केला. शेवटी गॉर्डनच्या मुलाला धरून उभा असतो तेव्हा आवाज जवळजवळ समजावणीचा आहे. आरडाओरडा केला असता तर डोळा फक्त दातांवर गेला असता.

संगीतातही वाटणी आहे. हान्स झिमरने जोकर घेतला, जेम्स न्यूटन हॉवर्डने डेंट. जोकरला धून नाहीच, तारेवर घासत ताणत नेलेला एक सूर. डेंटला रीतसर, उदात्त धून. ज्याला मोडायचंय त्याला आधी काहीतरी सुरेल द्यावं लागतं.

रात्रपाळी
गॅरी ओल्डमनचं नाव अजून कोणी घेतलं नाही? शेवटच्या प्रसंगात एकहार्टचं निम्मं काम तो करतो. आयुष्यभर खलनायक रंगवलेला नट, इथे मुलाच्या जिवासाठी गयावया करणारा बाप, आणि एकही हातवारा जादा नाही.

भिंगरी
प्रचंड सहमत. तिथे आपण टू-फेसला घाबरतो ते ओल्डमनच्या डोळ्यांत बघून.

अर्धविराम
आता मूळ प्रश्न. बेल फिका वाटतो कारण लोक त्याला फक्त टोपात मोजतात. तो तीन माणसं करतोय. बॅटमन, चारचौघांतला उडाणटप्पू ब्रूस आणि तळघरात घरचा जुना सेवक आल्फ्रेड याच्यासमोरचा ब्रूस. डेंटसाठी ठेवलेल्या मेजवानीचा प्रसंग घ्या. हेलिकॉप्टरमधून उतरतो, हातात शँपेन, डेंटची थट्टा करत भाषण सुरू करतो आणि मध्येच सूर खरा होतो. मग गच्चीत जातो आणि ग्लासातली शँपेन कठड्याबाहेर फेकून देतो. एका सेकंदाचं काम, खांदे लगेच उतरतात. पिणारा ब्रूस हासुद्धा मुखवटाच होता.

आता मजा बघा. थोड्याच वेळात त्याच घरात जोकर घुसतो, तोही ग्लास उचलतो, त्यातली बहुतेक सांडतो आणि उरलेला घोट घेतो. मग रेचल पुढे येते तशी केसांवरून हात फिरवून नीटनेटका होतो! लेजरचा हा प्रकार सगळ्यांना पाठ आहे. बेलने फेकलेली शँपेन किती जणांना आठवते?

उंटावरचा_शहाणा
मला नव्हती आठवत. आत्ता लावून बघितलं. फेकतो खरा.

तरीही माझं म्हणणं, ‘अन्याय’ हा शब्द जड आहे. दिग्दर्शकाने ठरवूनच बेलला मागे ठेवलंय. आयमॅक्सचंच बघा, म्हणजे प्रचंड पडद्यासाठीच्या मोठ्या फिल्मचं. ते कॅमेरे इतका आवाज करतात की संवाद टिपणं अवघड, आणि हजार फुटांची रीळ जेमतेम तीन मिनिटं चालते. त्यामुळे उड्या, पाठलाग, शहर हे आयमॅक्सवर आणि बोलणं बहुतेक ३५ मिमीवर. बॅटमनच्या वाट्याला भव्य चौकटी येतात, पण त्यात तो ठिपक्याएवढा, इमारतीच्या कडेवर उभा. तिथे अभिनय कोण करतंय, बेल की त्याची केप?

टवाळखोर
केपला सहायक अभिनेत्याचं नामांकन मिळायला हवं होतं.

पडद्यामागून
@उंटावरचा_शहाणा, आयमॅक्सवरही अभिनय होतो, फक्त तो देहबोलीचा. सुरुवातीचा बँक दरोडा घ्या. जोकर रस्त्याच्या कोपऱ्यावर पाठमोरा उभा, हातात विदूषकाचा मुखवटा लोंबतोय. चेहरा नाही, संवाद नाही. पण एक खांदा पडलेला, मान पुढे आलेली, वजन एकाच पायावर. दरोड्यात सगळ्यांनी मुखवटे घातलेत, तरी दुसऱ्यांदा बघताना त्यातला जोकर कोण ते नुसत्या चालण्यावरून ओळखता येतं. लेजरचंही निम्मं काम मुखवट्यामागे सुरू झालंय.

तिसरी_घंटा
म्हणजे माझाच मुद्दा माझ्यावर उलटला. मुखवटा ही सबब चालणार नाही, बरोबर. बेलबद्दलचा दावा निम्मा मागे घेते. टोपातला बेल मध्यम, टोपाबाहेरचा बेल उत्तम. एकहार्टबद्दल मात्र तसूभर मागे हटणार नाही.

रात्रपाळी
चला, टोपातल्या बेलवर एकमत झालं तर. आता कोणीतरी ‘राइझेस’मधल्या टॉम हार्डीच्या बेन या खलनायकावर धागा काढा. तिथे ओठही झाकलेले, आणि डिसेंबर २०११ मध्ये सुरुवातीचा तुकडा आधी दाखवला तेव्हा प्रेक्षकांना तो काय बोलतोय तेच कळेना, म्हणून मिश्रण सुधारावं लागलं.

टवाळखोर
बेन आणि बॅटमन समोरासमोर बोलतात तेव्हा उपशीर्षकांनाच मानधन द्यायला हवं होतं. काढा धागा, पहिला प्रतिसाद माझा.